हाशियातलं नाव

फ्लेक्सचं मशीन आलं आणि कारखान्याच्या टाउनशिपने मला रंगाच्या डब्यांसकट बाहेर काढलं. क्वार्टरांचे नंबर, शाळेचा फलक, धोक्याच्या पाट्या, सगळं माझ्या हातचं. पण साधा निरोप द्यायलाही कुणी आलं नाही. तो राग अजून आहे.

दुकानाचं शटर उघडून नुसताच बसायचो. घरी डाळ पातळ होत चालली. शेवटी जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या कातिबांकडे गेलो. कुराण हाताने लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. एका घराण्याची कुराणाची जुनी हस्तलिखित प्रत गळक्या छताखाली भिजून त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती. अक्षरं तगली होती, पण हाशियातली, म्हणजे पानाच्या कडेची सोनेरी वेलबुट्टी पुसून गेली होती. उस्तादांचा हात आता कापायचा. अक्षरांना हात लावायचा नाही, फक्त कड भरायची, या बोलीवर मी घासाघीस करून काम मिळवलं.

हातपाय धुऊन बसायचं. सोन्याचा वर्ख मधात खलायचा, धुऊन डिंकात कालवायचा, बारीक ब्रशने लावायचा, वाळला की अकीकाच्या दगडाने घोटायचा. पहिलं पान असं उजळलं की मीच बघत राहिलो. आणि बोर्ड पुरा झाला की पेंटर कोपऱ्यात नाव टाकतो, तसं वेलीच्या टोकाशी मी माझं नाव टाकलं.

उस्तादांनी चष्मा वर सरकवला. “को खाँ, ये क्या है?”

“नाम है मेरा. हर बोर्ड पे डालता हूँ.”

“बोर्ड? तो टेलीफोन नंबर भी लिख देते! अमाँ, जिसने लिखा उसने हाशिये में अपना नाम नहीं डाला. तुम कौन?”

माझं डोकं फिरलं. “मेहनत मेरी, तो नाम क्यों नहीं?”

त्यांनी पुढचं पान माझ्यासमोरून उचललं. काम हातचं चाललं होतं.

“आधे में कर दूँगा, उस्ताद. चलो, आधे से भी कम.”

जन्मभर दुसऱ्यांचा भाव पाडला, आता स्वतःचा पाडत होतो.

“भाव की बात नहीं है, खाँ. जिनका कुरान है, उन्होंने देख लिया तो काम मुझसे भी ले जाएँगे.”

त्यांनी पातं घेतलं आणि नाव खरवडायला लागले. हात इतका कापत होता की कागद फाटला असता. मी पातं त्यांच्याकडून घेतलं. माझं नाव मीच, कणाकणाने, खरवडून काढलं. कागदाला ओरखडाही येऊ दिला नाही. वाटलं, हे बघून तरी मन वळेल.

त्यांनी पान उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. “हाथ अच्छा है,” म्हणाले, आणि माझे ब्रश पुसून माझ्याच पिशवीत ठेवले.