बाकावर ठेवलेला मास्क

पदनाम: उपकरण-स्वच्छता सहाय्यक, सागरी सहली विभाग. कामाचे स्वरूप: एका पर्यटकाने तोंडात घातलेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात घालण्यायोग्य करणे. वय: साठीच्या अलीकडे. वैवाहिक स्थिती: विधवा. पोहता येते काय: नाही. समुद्राशी संबंध: सासरकडून.

धक्क्यावर सगळे त्यांना मास्कवाल्या वहिनी म्हणत. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये प्लास्टिकचे टब, आणि भिंतभर खुंट्या. खुंट्यांवर मास्क, श्वासाच्या नळ्या आणि पायात घालायचे रबरी पंखे. सकाळी बोट पर्यटकांना घेऊन जंगली बेटाकडे जायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायची. बेटावर कुणी राहत नाही, उतरायलाही बंदी आहे, कारण पक्ष्यांना ते आवडत नाही. बोट बेटाच्या आडोशाला थांबते. लोक मास्क चढवतात, नळी दातात धरतात, पाण्यावर पालथे पडून खालचे मासे बघतात, आणि वर आल्यावर एकमेकांना सांगतात की वर्णन करायला शब्द नाहीत. मग परतीच्या वाटेवर सारखे बोलत राहतात.

ही बोट वहिनींचा नवरा चालवायचा. लोकांना पाण्यात उतरवायचा, वर घ्यायचा, आणि घरी येऊन जेवायला बसायचा.

"आज काय दिसलं?" वहिनी विचारायच्या.

"मासे."

"कसले?"

"ओले."

एवढ्या संभाषणावर त्यांचा संसार उत्तम चालला.

वहिनींचा एक नियम होता. खुंटीवर आहे तो मास्क स्वच्छ, खुंटीवर नाही तो घाण. बाकावर ठेवलेला, मांडीवरून घसरलेला, कुणी उगाच हातात घेऊन पाहिलेला, सगळे टबात. विचारत बसायचं नाही. हा नियम त्यांनी बोटीवर कामाला असलेल्या धाकट्या दिराच्या इतका अंगवळणी पाडला होता की तो घरी ताटाखालचा पाटसुद्धा संशयाने बघायचा.

नियमाला सूट एकच होती. मास्कच्या काचेवर आतून धुकं धरतं, म्हणून बाकीचे काचेला लहान मुलांचा शाम्पू चोळत. नवरा काचेवर थुंकायचा आणि अंगठ्याने फिरवायचा.

"ही कुठली पद्धत?"

"बापाची."

सासऱ्यांचं नाव आल्यावर वहिनी पुढे बोलल्या नाहीत. नवऱ्याचा मास्क टबात जायचा नाही, एवढं न बोलता ठरून गेलं.

मग नवरा गेला. समुद्रात नाही, दवाखान्यात, छातीत कळ येऊन. जन्मभर पाण्यात राहिलेल्या माणसाने पलंगावर जावं, हे धक्क्यावरच्या काही मंडळींना जरा खटकलं. लेकीने आईला त्रास नको म्हणून त्याचे कपडे, चादरी, उशीचे अभ्रे, सगळं धुतलं, इस्त्री केली आणि गरजूंना देऊन टाकलं. लेक आईच्या वळणावर गेली आहे. तिच्या हाती मळकं काही टिकत नाही. राहिला तो मास्क, कारण तो वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, कपाटात मागे सारला होता.

लेकीला तो एकदा सापडलाच.

"आई, अगं, वास येतोय याला."

"येऊ दे."

"तू म्हणतेस हे? धुऊन तरी ठेव."

"हात लावू नकोस त्याला."

रबर, मीठ, केसांचं तेल, आणि तो चघळायचा ती लवंग. अधूनमधून वहिनी गाठ सोडायच्या, नाक आत घालायच्या आणि लगेच गाठ मारायच्या. पण वास उणावत चालला होता. पिशवी उघडली की उडायचा, नाही उघडली तरी उडायचा. लवकरच नुसतं रबर उरणार, हे त्यांना धंद्यामुळे इतरांपेक्षा आधी कळलं. मास्कमध्ये डोळ्यांबरोबर नाकही झाकलं जातं. वास संपायच्या आत एकदा तो मास्क चढवायचा, नवरा जिथे चढवायचा तिथेच, आणि तो जे बघायचा ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं. तेवढा वेळ आत फक्त तो असणार होता.

"भावोजी, उद्या बोटीत जागा आहे?"

"कुणाला?"

"मला."

दिराने हातातला डबा खाली ठेवला. "वहिनी, तुम्हाला बोट लागते. धक्क्यावर उभ्या उभ्या लागते."

"लागू दे."

"दादा म्हणाला असता, मी बोलावलं तेव्हा आली नाही."

"बोलावलं कधी होतं त्यांनी?"

दिराने आठवून पाहिलं. "तेही खरंच," तो म्हणाला.

मास्कबद्दल वहिनी बोलल्या नाहीत. या वयात नवऱ्याच्या थुंकीविषयी दिराशी काय बोलायचं?

बोट वहिनींना लागली नाही. समोर एक नवं जोडपं होतं, त्यातल्या नवरदेवाला लागली. बेट जवळ आलं तसा पाण्याचा रंग बदलला आणि दगडांवर बसलेले पक्षी ओळखू येऊ लागले. वहिनींनी गाठ सोडून मास्क बाहेर काढला. नाकाशी धरला. वास होता. थोडा, पण होता.

तेवढ्यात नवरदेव कठड्यावर ओणवा झाला. नवरी मोबाईलवर बेटाचं चित्रण करत होती, त्यामुळे तिला ते कळलं नाही. वहिनींनी मास्क बाकावर ठेवला, उठल्या, एका हाताने त्याचं कपाळ धरलं आणि दुसऱ्याने पाठ चोळली. "होऊ दे बाळा, सगळं होऊ दे," त्या म्हणाल्या. त्याचं सगळं झालं. त्याला चूळ भरायला पाणी देऊन त्या जागेवर आल्या तेव्हा बाकावर पिशवी होती, मास्क नव्हता.

दीर बोटीच्या मागच्या बाजूला तिथल्या टबाशी बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत शाम्पूच्या फेसात.

"वहिनी, दादाचा ना हा?" त्याने मास्क उन्हात धरला. "काय अवस्था झाली होती हो. दोनदा घोळवला. खाचेतलं काळं नखाने काढलं, तेव्हा कुठे. बघा आता."

वहिनींनी मास्क हातात घेतला. काच चकचकीत होती. नाकाशी धरला, तर त्याला लहान बाळाचा वास येत होता.

"छान निघालाय," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच हाताखालचा आहे मी," दीर म्हणाला. तो खूश होता. भाऊ गेल्यापासून त्याला वहिनींसाठी काहीतरी करायचं होतं, आणि त्याला जे उत्तम करता येतं ते त्याने केलं होतं.

बोटीतच बसून राहता आलं असतं. पण दिराने धरून तरंगायचं हवेचं कडं आधीच पाण्यात टाकलं होतं, आणि नवरदेवही आता ताजातवाना होऊन टाळ्या वाजवत होता. वहिनी शिडीवरून उतरल्या, कड्याला धरून पालथ्या झाल्या आणि खाली पाहिलं.

पाणी स्वच्छ होतं आणि काच त्याहून स्वच्छ. खाली दगड होते, दगडांवर तपकिरी झुडपं एका बाजूला वाकायची आणि थांबून दुसऱ्या बाजूला वाकायची. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे दगड टोचत होते. एक मोठा करडा मासा कपारीत तोंड उघडत, मिटत उभा होता. नवऱ्याने आजवर जे सांगितलं होतं त्यात चूक काढायला जागा नव्हती. वहिनी नाकाने श्वास ओढून पाहत होत्या. पहिल्यांदा उतरलेले सगळेच ही चूक करतात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

दीर पोहत जवळ आला, त्याने त्यांना सरळ केलं. "मास्कमध्ये पाणी दिसतंय. गळतोय का? पट्टा आवळू?"

वहिनींनी नळी तोंडातून काढली. "नको. घट्ट आहे."

"मग पाणी कुठून आलं?"

"येतं थोडं."

दिराने तरीही पट्टा आवळला.

परतल्यावर वहिनींनी साडी बदलली आणि टबाशी बसल्या. आलेले सगळे मास्क धुतले, नवऱ्याचाही धुतला, पुसला आणि ओळीत मोकळी खुंटी होती तिच्यावर लावला. सहल नियोजित वेळेत परतली. प्रवासी सुखरूप. उपकरणे पूर्ण जमा, उपकरणसंख्येत एकाची वाढ. स्वच्छतेबाबत कुणाचीही तक्रार नाही.

घरी गेल्यावर वहिनींनी पिशवी उघडून पाहिली. पिशवीला पिशवीचा वास येत होता.