अनवाणी नवस

खरं सांगते, त्या दिवसांत देवीवर माझा रागच होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही धुळ्याकडून सुरतेला येऊन पांडेसऱ्यात राहत होतो. आमचे हे डाइंग मिलमध्ये कामाला. पावसाचं पाणी गोदामात शिरलं, त्यात उभं राहून ह्यांनी कापडाचे गठ्ठे बाहेर काढले आणि आठवड्याभरात तापानं फणफणले. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटऱ्यांना हात लावू देईनात. दवाखान्यात कुणी विषाणू म्हणे, कुणी जंतू. मी सप्तशृंगीला नवस बोलले, हे उठेपर्यंत पायांत काही घालणार नाही.

मग काय, रोज डबा घेऊन साचलेल्या घाण पाण्यातून दवाखान्याची वाट. टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. बाई गं, इतकी थकले होते की हात जोडायचे आणि काय मागायचं तेच विसरायचे. एवढं करूनही हे उठेनात, म्हणून देवीचा राग यायचा.

एके सकाळी दारोदार तपासणी करणारी एक गुजराती बेन आली. ताप कुणाला, घरात उंदीर किती, पाण्यात कोण उतरलं, असं विचारत होती. तिचंही तोंड उतरलेलं. मी गोदामाचं सांगितलं. "डॉक्टरांना बोललात हे?" मी म्हटलं, कुणी विचारलंच नाही. तिनं तिथल्या तिथे डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली.

"चप्पल क्यां छे, बेन?"

नवसाचं ऐकून ती उंबऱ्यावर मटकन बसली. "उंदराच्या मुताचं पाणी आहे हे. भेगेतूनच रोग आत जातो. तुम्ही पडलात तर त्यांना कोण बघणार?"

"आणि नवस मोडून ह्यांना काही झालं तर?" मला रडूच फुटलं.

तिनं आपले गमबूट काढून माझ्यापुढे ठेवले, पिशवीतल्या चपला स्वतः घातल्या. "मी आज कोरड्या गल्ल्या करते. माताजीला सांगा, मी जबरदस्ती केली. पाप माझ्या माथी."

बूट मोठे होते. आत चिंध्या कोंबून मी चिठ्ठी पोचवली. डॉक्टरांनी औषध बदललं. ह्यांना उठून बसायला बारा दिवस लागले.

चैत्रात गडावर गेलो. बेनचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. आईपुढे उभी राहून म्हटलं, त्या बाईनं माझं पाप डोक्यावर घेतलंय, ते उतरव, माझ्यावर घाल. म्हणता म्हणता उमगलं. मी अनवाणी चालून आईला अडवून धरत होते. आणि ती माझ्या उंबऱ्यावर बसून सांगत होती, पोरी, आधी पाय झाक.