कपाळावरची झुलपं

समजा, तुमच्या हातात कात्री आहे आणि खुर्चीत तुमचीच मुलगी बसली आहे. तिचं मागणं एवढंच, की कपाळावरची झुलपं अशी कापा की मुरमं झाकली जातील, पण डोळे उघडे राहतील. जमेल?

मास्तरांना जमत होतं. मास्तर शाळेतले नव्हेत, सलूनमधले. झुलपं जागेवर बसावीत म्हणून ते वरून बोटभर क्रीम चोपडायचे. क्रीम त्यांनी स्वतः घोटलेलं, दुकानाची शान! जुळ्या मुलींची डोकी म्हणजे त्याची चालती-बोलती जाहिरात. थोरलीची मुरमं वाढली की झुलपं लांब व्हायची आणि झुलपं लांब झाली की क्रीम वाढायचं.

पोहण्याची शर्यत महिन्यावर आली, तशी थोरली अडून बसली. “टोपी घातली की कपाळ उघडं पडतं. मी नाही जाणार.”

“पाण्यात कोण बघतंय ताई? मासे?” दहा मिनिटांनी धाकटी असलेली बहीण म्हणाली.

“तू गप गं, गुळगुळीत कपाळाची!”

पाण्यात उतरली की पोरगी हरखून जायची, आणि आता तीच काठावर बसणार म्हणताना मास्तरांचा जीव तुटला. दुकानाला कुलूप लावून ते तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी झुलपं वर उचलली. “गालांवर एखाददुसरं, कपाळावर मात्र जत्रा. केसांना काय लावतेस?”

“माझं क्रीम!” मास्तरांनी छाती फुगवली. “घरचं, अस्सल!”

“वा! म्हणजे आरोपीला सोबतच आणलंत.”

मास्तरांचा चेहरा पडला. बाईंनी समजावलं, “या वयात त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. ते तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्राला बूच बसतं, आत जंतू वाढतात, सूज येते. तेलकट क्रीम त्या बुचाला हातभार लावतं. ही घाण नव्हे बाळ, तेव्हा घासू नकोस आणि फोडू तर मुळीच नकोस.”

रात्री लावायचं जेल त्यांनी लिहून दिलं. “आधी कातडी कोरडी पडेल, सालं निघतील. घाबरून सोडू नका. नीट फरक पडायला दोन-तीन महिने लागतात.”

“पण शर्यत तर पुढच्या महिन्यात!” थोरली म्हणाली.

“मग काही मुरमंही पोहायला येतील,” बाई म्हणाल्या. थोरलीला हसू फुटलं.

घरी येताच ती दुकानातल्या खुर्चीत जाऊन बसली. “बाबा, झुलपं उडवा.” मास्तरांनी ती साफ उडवली आणि क्रीमची बरणी स्वतःच्या हाताने केराच्या डब्यात टाकली. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

शर्यतीच्या दिवशी जुनी मुरमं सुकत होती, एक नवंही उगवलं होतं. थोरलीने टोपी ओढली, काठावरून बहिणीला ओरडून विचारलं, “मासे तयार ना?” आणि सूर मारला. ती तिसरी आली. मास्तरांनी मात्र पहिली आल्यासारखा गलका केला.

पुढच्या खेपेला थोरलीला दाखवायला नेलं, तेव्हा मास्तरांनी बाईंना गाठलंच. “दोघींचे आईबाप एक, जन्म एका दिवशीचा, क्रीमही एकाच बरणीतलं. मग धाकटीच्या कपाळावर एकही का नाही?”

“जुळ्या असल्या तरी त्वचा जिची तिची. कुणाच्या ग्रंथी हार्मोन्सना जास्त दाद देतात, कुणाच्या कमी.”

मास्तरांनी मान डोलावली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“ते कळलं हो बाई. पण हिच्याच का?”