शांततेला दिलेली दाद

सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात आमच्या शेजारचे काका इतकं हळू बोलायचे, की त्यांचं वाक्य संपण्याआधी लिफ्टचं दार मिटायचं. गेल्या शतकातल्या, पारितोषिकं मिळवलेल्या अमेरिकन सिंफनी हे त्यांचं वेड. त्यातली सर्वांत लाडकी आमच्याच शहरात वाजणार म्हणून ते हौसेने मलाही घेऊन गेले.

मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबली. हॉल चिडीचूप. मला सवय आपल्या मैफलींची. जागा भिडली की दाद द्यायचीच. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "क्या बात है!"

शंभर माना वळल्या. काकांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "काका, माती खाल्ली मी."

"अरे, दाद अगदी योग्य जागी दिलीस," ते म्हणाले. "फक्त तेवढी शांतता प्रत्यक्ष ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो."