पेटारीचं फूल

फैजपूरला केळीच्या बांधावर आज दुपारी चारला पेटारीची पिवळी फुलं उमललेली दिसली आणि माझं डोकं फिरलं.

वीस वर्षांपूर्वी एका वैद्यांना औषधासाठी पेटारी, म्हणजे अतिबला, हवी होती. झाडपाल्यातला माझा पहिलाच व्यवहार. पिंपळनेरच्या माळावर सकाळच्या उन्हात पिवळी फुलं दाखवत माझा मित्र सुपडू म्हणाला, "हाईच पेटारी शे भाऊ, डोया झाकीसन उपाड." हिरवट वासाच्या हातांनी मी पोतं भरलं. बाराच्या आत त्याने मला एसटीत बसवलंसुद्धा.

वैद्य हसले. "अहो, हा तर चिकणा! फूल तसंच पिवळं, पण झाड वेगळं."

दुसऱ्या दिवशी खरी पेटारी सुपडूनेच त्यांच्या दारात उतरवली. वैद्य कायमचे त्याचे झाले.

मेथीच्या जुडीलाही घासाघीस करणारा मी, मित्राचा शब्द तेवढा पारखला नाही. पेटारी दुपार कलल्यावर उमलते. म्हणूनच बाराच्या आतल्या एसटीची घाई सुपडूला होती.