सहा प्लेटा आणि राष्ट्रपतींचं जेवण

"सर, करा नं आता सही. काऊन येवढा वेळ लावून राह्यले?" गोविंदभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी पेन उघडलंच नव्हतं. समोर चिनी मातीच्या सहा प्लेटा होत्या आणि मला एकीचाही भरवसा वाटत नव्हता.

गोविंदभाऊंचं आर्वीत कापडाचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर त्यांचा छंद: राष्ट्रपतींच्या जेवणाशी संबंध असलेली जुनी क्रॉकरी. कुठल्या दौऱ्यातला कप, कुठल्या सरकारी मेजवानीतलं सूपचं बाऊल, सगळं शोकेसमध्ये लेबल लावून. मी म्युझियममध्ये तीस वर्षं भांडी तपासली. रिटायर होऊन पिपरी मेघेला राहायला आलो, तरी सर्टिफिकेटसाठी लोक शोधत येतातच. बायको म्हणते, "तुम्ही आहेरात आलेली वाटीसुद्धा उलटी करून बघता." बघतो. त्यात काय चुकलं?

प्लेटा अल्लीपूरच्या कमलाबाईंच्या. वय ऐंशीच्या पुढे. एसटीनं मांडीवर पेटी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या लग्नानंतर लगेच राष्ट्रपती गावात आले, त्यांच्या घरी जेवले, ते याच प्लेटांत. हे सगळं गोविंदभाऊच सांगत होते. बाई बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या. शिवाय प्लेटा फुकट देणार म्हणे! फुकट देणारा माणूस दिसला की माझे कान आधी टवकारतात.

चिनी मातीचं भांडं हातात आलं की पहिल्यांदा पालथं घालायचं. बुडाला कंपनीचा शिक्का असतो. मेजवानीच्या सेटला एकच शिक्का हवा. इथे चार वेगवेगळे निघाले. पांढरा रंगही कुठे दुधासारखा, कुठे निळसर. त्यात प्रत्येकीच्या बुडाला ऑइलपेंटचा एकेक ठिपका. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकीचा वेगळा.

दुसरी तपासणी चकाकीची. त्या काळी भांडी राखेनं घासत. राखेनं चिनी मातीवर बारीक ओरखडे पडतात, भांडं मंद दिसायला लागतं. या प्लेटांत मला माझा चष्मा दिसत होता.

"गोविंदभाऊ, हा सेट नाही. इकडून तिकडून गोळा केलेला माल आहे. यात कोणी जेवलेलंही नाही. तुम्हाला कोणीतरी गंडवतंय." मी बाईंकडे बघूनच बोललो.

बाई ताडकन उठल्या. "गंडवाले मी तुमाले काई मागून राह्यली का? गोळा केलेलाच हाय तो. सहा घरचा हाय. आमच्या घरची हिरव्या ठिपक्याची. बाकीच्या पाच घरच्या पाच."

मी कपाळावर हात मारला. गावात कार्य असलं की भांडी घरोघरून येतात, आणि परत करताना अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घर बुडाला आपला रंग लावतं. आमच्या आईचा निळा होता. म्युझियममध्ये असले ठिपके घाण म्हणून मीच खरवडून काढले असतील. शिकलेला गाढव, दुसरं काय!

"मग परत काऊन नाई केल्या?" गोविंदभाऊंनी विचारलं.

"भांडण झालं नं. जो तो म्हणे, राष्ट्रपती आमच्याच प्लेटीत जेवले. सासरे म्हणाले, कोणालेच नाई देत. टाकल्या पेटीत. तवापासून ते पाच घरं आमच्या दारात पाय नाई ठेवत. पुढच्या महिन्यात माह्या नातीचं लगन हाय. पेटी घरातून गेली तर येतील, म्हणून आणली."

पटण्यासारखं होतं. पण माझा चष्मा अजून प्लेटीत दिसतच होता.

"काकू, त्या दिवशी भांडी कोणी घासली?"

"मीच. नवी सून होती नं."

"मग यांना राख कशी लागली नाही?"

बाई हळूच म्हणाल्या, "साऱ्यायनं कोऱ्याच धाडल्या होत्या, घासाले लागल्याच नाई. राष्ट्रपती म्हणाले, मले पत्रावळ द्या. पळसाच्या पानावर जेवले. आतल्या खोलीत मी अन् सासूच होतो वाढाले. सासरे बाहेर पोलिसाईत उभे. त्यायनं गावभर सांगून टाकलं, प्लेटीत जेवले म्हणून. सासू म्हणे, आता तू तोंड नको उघडजो."

गोविंदभाऊ खुर्चीत बसलेच. "सर, 'राष्ट्रपतींच्या जेवणातल्या' एवढंच लिहा. थोडंसंच तर खोटं हाये."

"थोडंसं खोटं असलेलं सर्टिफिकेट मी लिहीत नाही." मग मी बाईंना म्हटलं, "काकू, पेटी इथे ठेवून कोणी येणार नाही. ज्याची त्याची प्लेट ठिपका बघून परत करा, आणि आत्ता सांगितलं ते सांगा."

"येवढ्या वर्सानं? हासतील लोकं."

"हसू द्या. कोणाच्याच प्लेटीत जेवले नाहीत, मग भांडायचं कशावर?"

त्यांनी पाच प्लेटा पुन्हा पेटीत ठेवल्या. हिरव्या ठिपक्याची गोविंदभाऊंकडे सरकवली आणि बसस्टँडवर निघून गेल्या. ती पाच दारं त्या वाजवतील, याची मला खात्री नव्हती.

महिन्यानं पत्रिका आली. अल्लीपूरला गेलो. पाचही घरची माणसं मांडवात होती, आणि राष्ट्रपतींच्या पत्रावळीवरून कमलाबाईंची भरपूर थट्टा चालली होती. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हिरव्या ठिपक्याची प्लेट गोविंदभाऊंच्या शोकेसमध्ये आहे. लेबल मी लिहून दिलं: 'राष्ट्रपती हिच्यात जेवले नाहीत.' वर येणारा माणूस आधी तीच बघतो.

मी अजूनही भांडं आधी पालथंच घालतो. फक्त आता मालकाला त्याचा इतिहास विचारत नाही. ते घासायला कोण होतं, ते विचारतो.