आत्याचा डिमर

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, शिंप्यांकडचे कपडे घरी आणून हाताने काजं करते. गल्लीत सगळे तिला ‘काजंबटण’ म्हणतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला पांढऱ्या कापडावरचा झगझगीत उजेड सोसेना, आणि काळ्या कोटाला मात्र लख्ख दिवा लागे. काम सुटायची वेळ आली, तेव्हा ती स्वतः दुकानात जाऊन दिवा हवा तसा कमी-जास्त करायचा डिमर घेऊन आली. दुकानदाराने विचारलं म्हणे, “आजी, सोबत घरचं मोठं कोणी नाही का?” सत्तरीच्या बाईला! तरी न चिडता तिने डिमरवर चालणारा बल्बही मागून घेतला. साधा असला तर लुकलुकत राहतो.

वायरमन आला तेव्हा आत्या शर्ट पोचवायला गेली होती. झालं! वडिलांनी कारभार हाती घेतला. आत्याची खोली पूर्वी अडगळीची, म्हणून तिच्या दिव्याच्या बटणांचा बोर्ड दाराबाहेर. “तिथेच बसवा, उगाच भिंत कशाला फोडायची?” त्यांनी फर्मावलं. जिचा दिवा तिला विचारावं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आठवलं की अजून माझा तिळपापड होतो.

मग काय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला चाळाच लागला. “वन्सं दमल्या असतील,” म्हणत आई दिवा मंद करायची. “डोळ्यांना त्रास नको,” म्हणत वडील आणखी मंद. ऐन काजात अंधार! आत्या सुई ठेवून बाहेर यायची, बटण फिरवून मुकाट आत जायची. एकदा अशा अंधारात सुई बोटात घुसली आणि कोटाच्या अस्तराला रक्त लागलं. शिंप्याने कोट परत पाठवला. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन, म्हणाला. वर वडील म्हणतात कसे, “ताई, मी सांगतच होतो, आता आराम कर.” मला असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांचा हात सवयीने बोर्डाकडे गेला आणि तिथेच राहिला. डिमरचं गोल बटण गायब, नुसता दांडा उरलेला.

“ताई, याचं बटण कुठे गेलं?”

“माझ्या पिशवीत आहे,” आत्या आतून म्हणाली. तिच्या मांडीवर तोच कोट होता, अस्तर धुतलेला. “डोळे माझे, काम माझं, दिवाही माझाच. काही करायचं असेल तर आत येऊन विचारायचं.”

वडील उंबऱ्यात घुटमळले. “बरं... दिवा थोडा कमी करू का?”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“नको,” आत्या म्हणाली आणि तिने सुईत दोरा ओवला.